लिंडन क्रॉसच्या काठावरचा मुक्काम

पाणकोंबडी, लिंडन क्रॉससमोर
९ नोव्हेंबर

प्रिय एडगर,

मी बुडाले नाही, हरवले नाही आणि डोक्यावरही परिणाम झालेला नाही. पुढचा उचलता पूल मोडलाय, एवढंच. एका ट्रकने त्याच्या खांबाला धडक दिली. वरून मोटारी जातात, पण पूल काही वर उठत नाही, आणि तो उठल्याशिवाय माझी पाणकोंबडी नाव कालव्यातून पुढे सरकत नाही. मागे वळावं तर तेवढी रुंद जागा थेट चार मैल मागे, आणि उलटी नाव हाकायला वॉल्टरच हवा होता. कालव्याचा माणूस येऊन सांगून गेला, “बाई, वसंत येईपर्यंत इथंच बांधून ठेवा. आमची परवानगी आहे.” मी दोन्ही खुंट्या ठोकल्या आणि चहा टाकला.

जागा गमतीची आहे. पलीकडच्या काठावर लिंडन क्रॉस नावाचं गाव आहे. गाव म्हणायचं, पण माझ्या चपला त्याच्यापेक्षा जुन्या असतील. कुणीतरी कागदावर आखलं आणि तीन-चार वर्षांत उभं केलं. घड्याळाचा मनोरा आहे, कमानी आहेत, चौकात हिरवळ आहे. दारांना तीनच रंग चालतात, आणि वाळत घातलेले कपडे रस्त्यावरून दिसता कामा नयेत. गल्ल्यांना झाडांची नावं दिलीत, त्यासाठी तोडलेल्या झाडांचीच म्हणे. सकाळी सगळे बर्मिंगहॅमच्या गाडीकडे धावतात आणि दिवसभर गावात पार्सलवाले तेवढे फिरतात. संध्याकाळी एकेक खिडकी उजळत जाते आणि ते सगळं पाण्यात उलटं दिसतं, तेव्हा मात्र छान वाटतं.

पत्र त्यांच्या दुकानातल्या टपालखिडकीवर पाठव. तिथली मुलगी ठेवून देते. तू फोन घेणार नाहीस आणि माझ्या फोनला इथं रेंज नाही, तेव्हा आपण दोघं शाईवरच.

तुझी
हेस्टर


व्हिटबी
१६ नोव्हेंबर

प्रिय हेस्टी,

म्हणजे अडकलीस. हे होणार हे मी तुझा वॉल्टर गेला तेव्हाच सांगितलं होतं. माणसाने घर विकून लांबुळक्या डब्यात राहायला जावं, आणि तो डबाही असा की काठावरून कुत्रा फिरवणारी म्हातारी त्याच्या पुढे निघून जाते!

मागची खोली रंगवून घेतली आहे. पिवळा रंग दिलाय. खिडकीतून बंदर दिसतं. माझी फ्रीडा गेल्यापासून तिथं कुणी झोपलेलं नाही, पण गादी नवी आहे. कालव्याच्या माणसाच्या ताब्यात नाव दे आणि गाडीत बस. तू एकटी आहेस म्हणून सांगतोय, दुसरं काही नाही.

थंडी वाढेल. शेगडी नीट पेटते का? काय जाळतेस?

एडगर


पाणकोंबडी
२ डिसेंबर

प्रिय एडगर,

पिवळ्या खोलीबद्दल मनापासून आभार. पण एवढ्यात नाही.

काय जाळते विचारलंस. वॉल्टरने छपरावर रचून ठेवलेली लाकडं. आणि त्यावरूनच इथं युद्ध पेटलंय. परवा समोरच्या घरातल्या बाई पुलावरून वळसा घालून आल्या. अ‍ॅनेट टिली. रहिवासी मंडळाच्या चिटणीस. घरूनच काम करतात, आणि ज्या खिडकीत बसतात ती नेमकी माझ्या धुराड्यासमोर आहे. उंच, सडपातळ बाई. पायांत पांढरे बूट, ते चिखलात जाऊ नयेत म्हणून एकाच दगडावर उभ्या.

“तुम्ही इथून कधी हलणार?”

“पूल उठला की.”

“तोवर हा धूर आमच्या झोपायच्या खोलीत येणार?”

“वाऱ्याशी बोलून बघते,” मी म्हटलं. तसं बोलायला नको होतं, पण त्या आल्याच होत्या चढ्या आवाजात.

“मी सह्या गोळा करणार आहे, मिसेस पिम.”

“करा. माझी हवी असेल तर मीही देते. मलाही इथून हलायचंच आहे.”

त्या हसल्या नाहीत.

बाकी बरं चाललंय. हल्ली सकाळी एक पाहुणा येतो. नऊच्या सुमारास. टोस्ट आणि संत्र्याचा मुरंबा खातो, मग वॉल्टरचा कामाचा झगा घालून बसतो. त्याला तो थोडा सैल होतो, पण चालतं. दुपारी चार-पाचपर्यंत असतो. कोण, कुठला, ते विचारू नकोस, मी शब्द दिलाय. पण दिवस बरा जातो. शाळेच्या स्वयंपाकघरात दोनशे पोरांसाठी रांधायची सवय असलेल्या बाईला एकटीचं अंडं उकडायला फार कंटाळा येतो.

हेस्टर


व्हिटबी
८ डिसेंबर

हेस्टर,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा उभं राहून.

वॉल्टरला जाऊन दोन वर्षंही झाली नाहीत आणि त्याचा झगा अंगात घालून कुणी परका माणूस दिवसभर तुझ्या नावेत बसतो? आणि तू त्याचं नाव सांगणार नाहीस? बाईमाणूस सदुसष्ट वर्षांची झाली म्हणून तिला कुणी फसवत नाही असं थोडंच आहे! उलट फसवणारे तेवढ्याच वयाच्या शोधतात. तो विवाहित आहे का, एवढं तरी सांग. नऊला येतो आणि पाचला जातो म्हणजे असणारच. रात्री घरी हजेरी लावावी लागत असेल.

आठवडाभरात उत्तर आलं नाही तर मी गाडीत बसतो. माझं वय बघू नकोस. मी आयुष्यभर वादळातून जहाजं बंदरात आणली आहेत, एका मुरंबेखाऊला हाकलायला मला वेळ लागणार नाही.

तुझा मोठा भाऊ
एडगर


पाणकोंबडी
१३ डिसेंबर

माझ्या वेड्या भावा,

गाडीत बसू नकोस. तुझं पत्र मी त्याला वाचून दाखवलं. तो इतका हसला की रंगाची वाटी लवंडली. मग ती पुसता पुसता म्हणाला, “सांगा त्यांना. ते व्हिटबीला राहतात. तिथून इथं बातमी पोचणार नाही.” तेव्हा आता ऐक.

त्याचं नाव रोलंड टिली. होय, टिली. धुरावाल्या बाईंचा नवरा.

मी इथं आले त्या पहिल्या आठवड्यात रोज सकाळी एक माणूस पुलाखाली बसलेला दिसायचा. कोट, टाय, हातात ऑफिसची बॅग. आधी वाटलं कुणाची वाट बघतोय. मग एका दिवशी दव गोठून पायवाट पांढरी झाली होती, आणि तो तसाच दगडावर, हात काखेत घालून. मी म्हटलं, “अहो, गाडी चुकली का?” तो म्हणाला, “गाडी नाही चुकली. नोकरी गेली.” जूनमध्ये. विम्याच्या कचेरीत अख्खं आयुष्य गेलं, मग त्यांनी सगळा विभागच बंद केला. बायकोला सांगायला तोंड उघडायचा आणि बंद करायचा. हे घर तिने हौसेनं निवडलेलं. एक दिवस गेला, मग दुसरा गेला, आणि मग सांगणं दिवसागणिक अवघड होत गेलं. सहाला परत जातो आणि तिला गाडीतल्या गर्दीच्या गोष्टी सांगतो.

मी म्हटलं आत या, शेगडी पेटलीय. तो घाबरला. “ते तर आमच्या खिडकीसमोर!” पण नावेचं एक बाजूचं दार पायवाटेकडे आहे, खिडकीला नावेची पाठ. म्हणून आता तो छत्री उघडून, वाकून येतो. लख्ख उन्हातसुद्धा छत्री! वर बायको माझ्या धुरावर तक्रार लिहितेय आणि खाली त्याच शेगडीशी नवरा पाय शेकतोय.

नुसतं बसवेना म्हणून त्याला वॉल्टरचे रंग दिले. नावेवर गुलाब आणि किल्ले काढायची जुनी पद्धत आहे ना, आमच्या दारांवरचे सगळे पोपडे निघालेत. पहिला गुलाब कोबीसारखा झाला. आता पाण्याच्या डब्यावर त्याने काढलेत ते बघशील तर वॉल्टरलाही विसरशील. चित्र काढताना तो शीळ घालतो.

पण मला हे बरं वाटत नाही, एडगर. त्या बाई मला आवडत नाहीत, तरी त्यांच्या पाठीमागे त्यांचा नवरा लपवायचा म्हणजे काय! रोज म्हणते, “आज सांगा.” रोज म्हणतो, “नाताळ होऊ दे.” काय करू?

हेस्टर


व्हिटबी
२० डिसेंबर

प्रिय हेस्टी,

मुरंबेखाऊची माफी माग माझ्यातर्फे.

त्याला सांग, समोरासमोर बसून बोलायला जाऊ नकोस. जेवायच्या टेबलावर तर नाहीच. बायकोला फिरायला ने, काठाकाठाने. दोघांचीही तोंडं पुढे असली की माणसाला बोलता येतं. मी फ्रीडाला लग्नाचंही असंच विचारलं, धक्क्यावर चालता चालता, एका मासेमारी बोटीकडे बघत. ती म्हणाली होती, “मला विचारतोयस की बोटीला?”

आणि नाताळच्या आधी सांगू दे. नाताळनंतर नाही. सणाच्या दिवसांत खोटं बोललं की ते बायकांच्या जास्त लक्षात राहतं.

केकचा तुकडा वेगळ्या पार्सलने पाठवला आहे. दुकानातला आहे. मी बनवलेला नाही, घाबरू नकोस. इथं सगळं ठीक. सणाला शेजारचे बोलावतात, पण जायला नको वाटतं.

एडगर


पाणकोंबडी
१९ जानेवारी

प्रिय एडगर,

इतके दिवस लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं चांगलं काही नव्हतं.

तुझा सल्ला त्याला पटला होता. नाताळच्या आदल्या दिवशी फिरायला न्यायचं ठरलं. त्या दिवशी पाऊस. नाताळला मेव्हणे जेवायला. मग नवं वर्ष. आणि गेल्या मंगळवारी मी पाण्याचे डबे भरायला नळावर गेले होते, तेव्हा अ‍ॅनेटबाई सह्यांचा कागद घेऊन आल्या. दार ठोठावलं. आतून शीळ ऐकू येत होती. आपल्या नवऱ्याची शीळ कुठल्या बायकोला कळत नाही?

मी परत आले तेव्हा बाजूचं दार सताड उघडं. बाई पायवाटेवर, रोलंड आत वॉल्टरच्या झग्यात, हातात ब्रश. मग त्या म्हणाल्या, “कधीपासून?”

“जूनपासून.”

“जून! काल रात्री तू मला सांगितलंस की गाडी वीस मिनिटं उशिरा आली!”

“गाडी खरंच उशिरा आली होती,” तो म्हणाला. “मी रोज वेळापत्रक बघतो.”

एरवी मी हसले असते. त्या म्हणाल्या, “मी तुझे शर्ट इस्त्री करत होते, रोलंड. रोज.” आणि वळून चालायला लागल्या. पांढऱ्या बुटांनी सरळ चिखलातून. तो झग्यातच त्यांच्यामागे धावला. सह्यांचा कागद माझ्या दारात पडला होता. तो मी उचलून वाळत घातला. आत, रस्त्यावरून दिसणार नाही असा.

तेव्हापासून समोरचे पडदे बंद आहेत. तो येत नाही. डब्यावरचा किल्ला अर्धाच राहिलाय, खिडक्या नाहीत त्याला. मला राहून राहून वाटतं, मी त्याला आत बोलावलं नसतं तर त्या थंडीनेच त्याला डिसेंबरात घरी पाठवलं असतं. मी चहा देत बसले आणि त्याला लपायला ऊब मिळाली. पिवळी खोली अजून रिकामी आहे का? विचारून ठेवते.

हेस्टर


व्हिटबी
२४ जानेवारी

प्रिय हेस्टी,

खोली रिकामी आहे. पण आत्ता येऊ नकोस.

हे लिहिताना माझ्या जिवावर येतंय, कारण तू यावंस म्हणून मी गेली दीड वर्षं मागे लागलोय. पण आत्ता आलीस तर पळून आल्यासारखी येशील, आणि मग खिडकीतून बंदर न बघता तो अर्धा किल्ला बघत बसशील. मी ओळखतो तुला.

गोठून मरत असलेल्या माणसाला आत घेतलंस, त्यात चूक काय? त्या बाई येतील. पुरुष येणार नाही, बाई येतील. किटली तयार ठेव.

आणि ते लाकूड जाळणं बंद कर. माझ्या माहितीतल्या एका बोटवाल्याला विचारलं. ओलं लाकूड धुरानं समोरच्याचे डोळे फोडतं आणि तुझं धुराडंही बुजवतं. बिनधुराचा कोळसा मिळतो. त्या टिलीबाईंचं धुराबद्दल बरोबर होतं.

एडगर


पाणकोंबडी
२६ फेब्रुवारी

प्रिय एडगर,

आल्या. तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात. या खेपेला रबरी बूट घालून.

दारातच म्हणाल्या, “तुम्हाला माहीत होतं. तुम्ही मला तोंडावर सह्या गोळा करायला सांगत होतात आणि तो आत बसला होता.”

“हो.”

“मला का नाही सांगितलंत?”

“सांगायचं काम त्याचं होतं. पण त्याला रोज आसरा दिला ते माझं काम होतं, आणि त्याबद्दल तुम्ही मला हवं ते बोला. आत येऊन बोला, बाहेर गारठा आहे.”

आत आल्या. बसल्या. चोहीकडे बघत राहिल्या. दारावरचे गुलाब, कपाटावरचे, डबे, अगदी कोळशाच्या फावड्याच्या दांड्यावरसुद्धा गुलाब. मग विचारलं, “तो इथं हसायचा?”

“हसायचा. शीळही घालायचा.”

“घरी वर्षभर नाही घातली. मला वाटलं, त्याला मी नकोशी झाले.” मग रडल्या. मी टोस्ट भाजला, दुसरं काय करणार? मुरंबा लावून चार खाल्ले त्यांनी. जाताना म्हणाल्या, “धूर कमी झालाय.” मी म्हटलं, “लाकूड सोडून बिनधुराचा कोळसा घेतलाय. तुमचं बरोबर होतं. पहिल्याच दिवशी म्हणायला हवं होतं मी.” तेव्हा पहिल्यांदा हसल्या. दात पुढे आहेत थोडे, म्हणून एरवी ओठ मिटून असतात. हसल्या की चांगल्या दिसतात.

त्यानंतर घरात त्यांचं काय बोलणं झालं ते मला माहीत नाही आणि मी विचारलंही नाही. भांडले असणार. दोन दिवस पडद्याच्या फटीतून पुढच्या खोलीतल्या कोचावर उशी आणि पांघरूण दिसत होतं. मग पडदे उघडले. मग एका सकाळी तो छत्रीशिवाय आला, भर पायवाटेवरून, आणि बाई खिडकीतून हात हलवत होत्या. किल्ल्याला खिडक्या काढल्या. एकीत दिवा लावलाय.

आता खरी बातमी. गावाची ती छोटी बस आहे, घरापासून स्टेशनपर्यंत लोकांना नेणारी. तिचा चालक निवृत्त झाला आणि रोलंडने ते काम घेतलं! ज्यांच्याबरोबर फलाटावर उभा राहायचा त्यांनाच आता फलाटावर सोडतो. मी विचारलं, “चालेल का हो तुम्हाला? लोक बोलतील.” म्हणाला, “मिसेस पिम, सहा महिने मी बोलतील म्हणून पुलाखाली बसलो. बसमध्ये हीटर आहे.”

मंडळाच्या सभेत अ‍ॅनेटने सह्यांचा कागद मागे घेतला आणि वर सगळ्यांना सांगितलं की हिवाळ्यात त्यांच्या बागेच्या टोकाशी पाणकोंबडी बांधायला त्यांची हरकत नाही. रस्त्यावरून कपडे दिसणार नाहीत ना, असं कुणीतरी विचारलं म्हणे. मी कालव्याच्या कचेरीला रीतसर लिहिलंय. उन्हाळाभर हिंडायचं आणि ऑक्टोबरात इथं यायचं. तेव्हा, एडगर, पिवळी खोली मला नको. रागावू नकोस.

एप्रिलअखेर पूल उठेल म्हणतात. त्याआधी तू ये. पाहुण्याचा बाक तुझ्या लांबीचा आहे, मी मापला. एकटी आहे म्हणून नाही बोलावत. तू एकटा आहेस म्हणून बोलावतेय.

हेस्टर


व्हिटबी
५ मे

प्रिय हेस्टी,

तुझ्याकडून निघून घरी सुखरूप पोचलो. डोळ्याच्या डॉक्टरने मोतीबिंदू म्हटलंय, काढून टाकू म्हणतो. मी म्हटलं, घाई करू नका, नुकतंच सगळं जे बघायचं ते बघून आलोय.

पण हे पत्र त्यासाठी नाही. तू सुकाणूवर होतीस, नजर पुढे. तुझ्या पाठीमागे काय झालं ते तुला कळायला हवं.

त्या सकाळी तू मला काठावर निरोप दिलास आणि मी रोलंडच्या बसमध्ये बसलो. बस भरलेली. सगळे कोट घातलेले, निम्मे झोपेत. पुलाजवळ पोचलो तर लाल दिवा आणि आडवा खांब. पुलावर अ‍ॅनेट, दुरुस्तीवाल्यांच्या शेजारी उभी, आणि पूल उचलायची चावी त्यांनी तिच्या हातात दिलेली. तिने ती फिरवली आणि रस्ता आमच्या डोळ्यांसमोर उभा राहिला. अख्खा रस्ता, पांढऱ्या पट्ट्यासकट, आकाशाकडे.

एकाने घड्याळ बघितलं. “ही गाडी चुकणार.”

रोलंडने इंजिन बंद केलं. “पुढची आहे,” म्हणाला.

तेवढ्यात पाणकोंबडीचं नाक दिसलं. मग हळूहळू ते सगळे गुलाब. नाव लांब आहे, हेस्टी, आणि तुझा वेग तुला माहीत आहे. झोपलेले जागे झाले. मागच्या बाकावरच्या बाई म्हणाल्या, “अरे, ही तर धुरावाली. चालली कुठे?”

“स्ट्रॅटफर्डला,” रोलंडने सांगितलं.

“परत येणार ना?”

“ऑक्टोबरात. आमच्या बागेशी.”

“बरं झालं,” त्या म्हणाल्या. “सकाळी टोस्टचा वास यायचा तिच्याकडून. मी त्यावरून ठरवायची आज उशीर झालाय की नाही.”

मग तो घड्याळवाला उठला, दार उघडून खाली उतरला. त्याच्यामागे एकेक करून सगळेच. मीही उतरलो. खांबाला टेकून आम्ही वीसेक माणसं उभी, बॅगा हातात. कुणीतरी हात हलवला, मग सगळ्यांनी. तू तिकडे ताठ उभी, वॉल्टरची टोपी डोक्यावर. शेजारच्याने मला विचारलं, “ओळखता का तुम्ही त्यांना?”

मी म्हटलं, “माझी धाकटी बहीण आहे.”

ते मी इतक्या मोठ्याने बोललो की अ‍ॅनेटने पुलावरून वळून पाहिलं. मला वाटलं तूही वळशील. वळली नाहीस, ते बरोबरच केलंस. अरुंद जागेतून जाताना मागे बघायचं नसतं. म्हणून मी तुझ्यासाठी बघून ठेवलं. तू वळणाआड जाईपर्यंत एकही माणूस बसमध्ये परत चढला नव्हता.

तुझा
एडगर